सायकलपटू निवृत्त झाला, मग पुढं काय?

प्रश्न : जानेवारीत पुण्याची ग्रँड टूर नातवाबरोबर मोबाइलवर पाहिली. पंचविशी-तिशीतली पोरं चढावर जीव तोडून पेडल मारत होती. मनात आलं, ही मंडळी पस्तिशीनंतर करतात काय? त्यांना पेन्शन असते का? एवढं शरीर झिजवल्यावर म्हातारपण धड जातं का? आणि आपल्याकडं, सोलापूर भागात किंवा निदान महाराष्ट्रात, व्यावसायिक सायकलपटू म्हणून निवृत्त झालेला कुणी आहे का? नातू चौदा वर्षांचा आहे. रोज पहाटे विजापूर रोडला सायकल हाणतो आणि 'मी हेच करणार' म्हणतो. त्याला काय सांगू?
— एक वाचक, रेल्वे लाइन्स, सोलापूर

उत्तर : सोलापूरचा प्रश्न आधी घेतो. तो सुटला की बाकीचे आपोआप सुटत जातील.

नाही. युरोपात ज्याला व्यावसायिक सायकलपटू म्हणतात तो संघाशी करार करतो, पगार घेतो, वर्षाला साठ-सत्तर दिवस शर्यतीत काढतो आणि पस्तिशीच्या आसपास पत्रकार बोलावून निरोप घेतो. असा माणूस सोलापुरात नाही आणि महाराष्ट्रातही नाही. या खेळात जगातले वरचे संघ 'वर्ल्ड टूर' श्रेणीत असतात. तिथं आजवर एकही भारतीय पोचलेला नाही. त्याच्या बरंच खाली 'कॉन्टिनेन्टल' नावाची श्रेणी आहे. तिथं करार मिळवणारा पहिला भारतीय म्हणजे बंगळूरचा नवीन जॉन, आणि तेही २०१७ साली, ऑस्ट्रेलियातल्या एका संघात. हा गडी मूळचा इंजिनिअर. अमेरिकेत शिकायला गेला आणि तिथं सायकलीला लागला. २०१६ मध्ये दोहाच्या जागतिक रस्ता अजिंक्यपद स्पर्धेत तो आणि उत्तर प्रदेशचा अरविंद पन्वार उतरले, तेव्हा कुठं त्या स्पर्धेत भारताचं नाव लागलं. कॉन्टिनेन्टल श्रेणीत आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनं किमान पगाराची अट घातलेली नाही, हेही लक्षात ठेवा. त्यामुळं करार असला तरी त्यावर घर चालेलच असं नाही.

निवृत्त सायकलपटू मात्र तुमच्या गल्लीतही सापडू शकतो. तुम्ही रेल्वे लाइन्सला राहता म्हणून म्हणतो. भारतात सायकलपटूला पोसणारे दोन मोठे यजमान आहेत, सैन्यदल आणि रेल्वे. राष्ट्रीय स्पर्धेच्या निकालांत राज्यांच्या नावांइतकीच 'सर्व्हिसेस' आणि 'रेल्वे' ही नावं दिसतात ती त्यामुळंच. पोरगा किंवा पोरगी शाळा-कॉलेजात असताना राष्ट्रीय पातळीवर पदक मिळवते, मग रेल्वेच्या खेळाडू भरतीला अर्ज जातो. चाचणी होते, प्रमाणपत्रं तपासली जातात आणि नेमणूक मिळते. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात या भरतीची सगळ्यांत खालची पायरी १८,००० रुपये मूळ पगाराची, मधली १९,९०० किंवा २१,७०० ची आणि वरची २५,५०० किंवा २९,२०० ची. पद कारकुनाचं, तिकीट तपासनिसाचं, तंत्रज्ञाचं, जे निघेल ते. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे, त्यातूनही काही जण पोलिसांत किंवा महसुलात जातात. मध्यंतरी बोगस क्रीडा प्रमाणपत्रं उघडकीस आली, तेव्हापासून तिथली पडताळणी कडक झाली आहे. ज्यांनी खरंच घाम गाळला त्यांनाही आता कागदांची चळत घेऊन फिरावं लागतं.

माझं निरीक्षण असं की आपल्याकडं बहुतेकांच्या बाबतीत नेमणुकीचं पत्र हाच निवृत्तीचा कागद ठरतो. युरोपातला पोरगा तेविसाव्या वर्षी करारावर सही करतो आणि तिथून त्याची खरी कारकीर्द सुरू होते. आपला पोरगा त्याच वयात नोकरीवर रुजू होतो. घरचे पेढे वाटतात, लग्नाचं बघायला लागतात, आणि सायकल हळूहळू भिंतीला टेकते. आंतररेल्वे स्पर्धा असतात, सरावासाठी सवलत आणि रजाही मिळते. जिद्दी खेळाडू नोकरीत राहूनही दहा वर्षं शर्यती मारतात. पण ज्यासाठी सायकल हातात घेतली होती ते मिळालेलं असतं. याला मी नावं ठेवणार नाही. ज्या घरात पहिली कायमची नोकरी सायकलीमुळं आली, त्या घराला पोडियमचं महत्त्व तुम्ही-मी सांगण्यात अर्थ नाही.

पेन्शनचं उत्तरही इथंच देऊन टाकतो. रेल्वेत लागलेला सायकलपटू सायकलीवरून उतरतो तिशीत आणि निवृत्त होतो साठाव्या वर्षी, तेही तिकीट तपासनीस किंवा अधीक्षक म्हणून. १ जानेवारी २००४ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यांना एनपीएस किंवा आता निघालेली एकत्रित पेन्शन योजना. फ्रान्स-बेल्जियममध्ये सायकलपटू हा संघाचा नोकरदार मानला जातो, म्हणून विम्याची आणि पेन्शनची वर्गणी कापली जाते. पण ती पेन्शन हातात पडते इतर नोकरदारांसारखी साठी ओलांडल्यावर. पस्तीस ते साठ ही पंचवीस वर्षं भरून काढायची ज्याची त्यानं. या एका हिशोबात आपला तिकीट तपासनीस पुढं आहे.

आता महाराष्ट्राचा जुना पसारा थोडा सांगितला पाहिजे. रस्त्यावरची सायकल शर्यत हा आपल्याकडं परका खेळ नाही. मुंबईच्या पारशी तरुणांनी तो फार लवकर उचलला. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे मुंबईहून सायकलीवर जगप्रदक्षिणेला निघाले आणि मार्च १९२८ मध्ये परतले. अंतर झालं सुमारे ७१,००० किलोमीटर. राष्ट्रीय सायकल महासंघ १९४६ मध्ये उभा राहिला त्यात मुंबईच्या सोहराब भूत यांचा पुढाकार होता. त्यांचे या कामातले जोडीदार, सायकलपटू जानकीदास, पुढं हिंदी चित्रपटांत छोट्या-मोठ्या भूमिका करत राहिले. तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीनं सायकलीनंतरच्या आयुष्याचा हा एक अस्सल देशी नमुना. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय सायकल संघात रुसी मुल्ला फिरोज, एरच मिस्त्री, जहांगू अमीन अशी मुंबईची पारशी नावं ओळीनं दिसतात. ऑलिंपिकच्या सायकल शर्यतीत भारत शेवटचा उतरला तो १९६४ मध्ये, टोकियोला. त्यानंतर साठ वर्षं गेली तरी आपली पाटी कोरी आहे.

या सगळ्यात मराठी माणसाच्या मनात घर केलं ते मुंबई–पुणे शर्यतीनं. मुंबईहून निघायचं, खोपोलीपर्यंत सपाटीवर दम राखायचा आणि मग बोरघाट. खोपोली समुद्रसपाटीच्या जवळपास, खंडाळा साडेपाचशे मीटरच्या आसपास. शिंग्रोबाच्या देवळावरून जाणारा तो जुना रस्ता ज्यानं सायकलीवर चढलाय त्याला हे आकडे सांगायची गरज नाही. घाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' हा किताब मिळायचा. शर्यत कोण जिंकलं हे लोक विसरायचे, घाटाचा राजा कोण हे लक्षात राहायचं. यात गंमत अशी की टूर द फ्रान्समध्ये चढाच्या राजाला ठिपक्यांची लाल-पांढरी जर्सी मिळते आणि तिथंही लोकांचा जीव त्याच्यावरच जास्त असतो. मुंबई–पुणे शर्यत काही वर्षं होते, काही वर्षं प्रायोजकाअभावी राहून जाते. पुढं द्रुतगती मार्ग झाला. त्यावर सायकलीला बंदी, आणि जुन्या रस्त्यावरची वाहतूक काही कमी झाली नाही.

तरीही माझ्या मते मराठी मुलखातला खराखुरा व्यावसायिक सायकलपटू घाटात नव्हता, तो गावच्या चौकात होता. ज्यांची पन्नाशी उलटली आहे त्यांना आठवेल. एखादा सडपातळ माणूस गावात यायचा, शाळेच्या पटांगणात किंवा बाजारतळावर चुन्यानं गोल आखायचा, बांबूवर कर्णा बांधायचा आणि सलग सायकल चालवायला सुरुवात करायचा. तीन दिवस, पाच दिवस, आठवडाभर. जेवण सायकलीवर, अंघोळ सायकलीवर, दाढी सायकलीवर. संध्याकाळी कसरती व्हायच्या. हँडलवर उभं राहणं, मागं तोंड करून चालवणं, छातीवर ट्यूबलाइट फोडणं. बाया हळदीकुंकू लावायच्या, बापे शर्टाला टाचणीनं नोटा लावायचे. शेवटच्या दिवशी गावचा पुढारी नारळ देऊन त्याला उतरवायचा. पुढच्या आठवड्यात तो पुढच्या गावी. आधी रोजगार हमीवर, ऊसतोडीला किंवा पंक्चरच्या दुकानात काम केलेली ही माणसं होती आणि चाक थांबलं की परत तिथंच जात. त्यांचं पोट मात्र अक्षरशः पेडलवर होतं. टीव्ही घरोघरी आला तसा हा प्रयोग विरत गेला.

हे मी करमणुकीसाठी सांगत नाही. युरोप-अमेरिकेतलं व्यावसायिक सायकलिंगही तमाशातूनच उभं राहिलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सहा दिवस अखंड सायकल चालवण्याच्या शर्यती तिकीट लावून भरायच्या. माणसं ग्लानीत पडायची, प्रेक्षक टाळ्या पिटायचे. टूर द फ्रान्स १९०३ मध्ये सुरू झाली ती 'लोटो' नावाच्या क्रीडा दैनिकाचा खप वाढवण्यासाठी. साठ जण निघाले, २,४२८ किलोमीटर पार करून एकवीस पोचले. पहिला आला मॉरिस गारँ, लहानपणी धुराडी साफ करणारा पोरगा. दुसऱ्या वर्षीचं त्याचं विजेतेपद फसवणुकीच्या आरोपावरून काढून घेतलं. पुढं त्यानं फ्रान्सच्या लांस गावात गॅरेज टाकलं आणि १९५७ मध्ये मरेपर्यंत तिथंच राहिला. टूरचा पहिला विजेता निवृत्तीनंतर गॅरेजवाला झाला, आणि पुढं अनेक वर्षं सायकलपटूच्या उत्तरायुष्याचा साचा साधारण हाच राहिला. १९५९ चा विजेता स्पेनचा फेदेरिको बहामोन्तेस यानं तोलेदोत सायकलचं दुकान काढलं, आणि तो पंचाण्णव वर्षं जगून २०२३ मध्ये गेला. बेल्जियमचा एदी मर्क्स १९७८ मध्ये थांबला आणि दोन वर्षांनी स्वतःच्या नावाच्या सायकली बनवायचा कारखाना सुरू केला. पाच वेळा टूर जिंकलेला माणूस म्हटल्यावर त्या नावाला गिऱ्हाईक होतं.

सोलापूरच्या वाचकाला मी बर्नार्ड इनोची गोष्ट आवर्जून सांगेन. त्यानंही टूर पाच वेळा जिंकली. बत्तिसाव्या वर्षी थांबणार, असं त्यानं आधीच जाहीर केलं होतं आणि १९८६ च्या नोव्हेंबरात, बत्तिसावा वाढदिवस आला त्या महिन्यात, खरंच थांबला. मग ब्रिटनी प्रांतात, आपल्या मुलखात, जमीन घेऊन दुभती जनावरं पाळली. पहाटे उठायची सवय होतीच. वर्षातला काही काळ टूरच्या आयोजकांसाठी तो काम करायचा. रोज संध्याकाळी विजेत्याला मंचावर जर्सी चढवताना जो दणकट म्हातारा दिसायचा तो हाच. २००८ मध्ये एक निदर्शक मंचावर घुसला, तेव्हा इनोनं त्याला सरळ खाली ढकलून दिलं. त्रेपन्नाव्या वर्षीही हात गोठ्यातल्या कामानं घट्ट राहिले होते. २०१६ नंतर त्यानं तेही काम सोडलं.

आपल्या वंशाचं एक नावही इथं घेतो. रस्ता शर्यतीचं ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारा भारतीय रक्ताचा एकमेव माणूस म्हणजे अमेरिकेचा अलेक्सी ग्रेवाल. वडील पंजाबातून गेलेले शीख. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्यानं कॅनडाच्या स्टीव्ह बॉअरला अगदी शेवटच्या काही मीटरांत मागं टाकलं. त्याच्या काहीच दिवस आधी एफेड्रिनच्या चाचणीत तो सापडला होता. तीस दिवसांची बंदी आली आणि अपिलात उठली म्हणून तो उतरू शकला. पुढं व्यावसायिक झाला, पण ऑलिंपिकच्या तोडीचं काही हाती लागलं नाही. १९९३ मध्ये थांबला आणि कोलोरॅडोत सुतारकाम करू लागला.

ही सगळी विजेत्यांची नावं झाली. सायकलीच्या संघात मात्र बहुतेक जण जिंकायला आलेलेच नसतात. पुढच्याच्या मागं दडून चालवलं तर वाऱ्याचा मार इतका कमी होतो की चौथाई-तिहाई ताकद सहज वाचते. म्हणून टूरच्या आठ जणांच्या संघात एक नायक आणि सात मदतनीस असतात. हे सात जण वारा अंगावर घेतात, गाडीपर्यंत मागं जाऊन पाण्याच्या बाटल्या जर्सीत कोंबून आणतात आणि नायकाचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून देतात. दहा-बारा वर्षं असं काढून एकही शर्यत न जिंकता निवृत्त झालेले कितीतरी जण आहेत. त्यांचा पगार? वर्ल्ड टूर संघात अलीकडच्या काळात किमान पगार वर्षाला चाळीस हजार युरोंच्या आसपास राहिला आहे. तिकडच्या शिक्षकाच्या पगाराच्या जवळपास जाणारी ही रक्कम. वरच्या दहा-वीस जणांना मिळणाऱ्या कोट्यवधींच्या बातम्या वाचून तुमच्या नातवाचा समज झाला असेल, तर हा आकडा त्याला सांगा. या मदतनिसांमधलेच काही पुढं संघाच्या गाडीत बसून डावपेच सांगतात, काही शिकवतात, काही सायकलींच्या कंपन्यांत विक्रीला लागतात. उरलेले अठ्ठाविसाव्या वर्षी करार वाढला नाही म्हणून गावी परततात आणि नव्यानं काम शिकतात. त्यांच्या निवृत्तीची बातमी येत नाही.

क्वचित कुणी आपणहून लवकर सोडतो. जर्मनीच्या मार्सेल किटेलनं टूरचे चौदा टप्पे जिंकले होते. २०१९ मध्ये, एकतिशीत, त्यानं चालू करार मोडून सायकल ठेवून दिली. आणि कुणाला सोडता येतच नाही. इटलीच्या मार्को पंतानीनं १९९८ मध्ये जिरो, म्हणजे इटलीची टूर, आणि टूर द फ्रान्स एकाच वर्षी जिंकल्या. त्यानंतर चाचण्या, आरोप, बंदी, आणि २००४ च्या फेब्रुवारीत रिमिनीतल्या हॉटेलच्या खोलीत कोकेननं मृत्यू, चौतिसाव्या वर्षी.

शरीराचं विचारलंत. हृदयाची काळजी करू नका. १९४७ ते २०१२ या काळात टूरमध्ये उतरलेल्या ७८६ फ्रेंच सायकलपटूंची नोंद तपासली गेली. त्याच वयाच्या इतर फ्रेंच पुरुषांच्या तुलनेत त्यांचा मृत्युदर ४१ टक्क्यांनी कमी निघाला. अर्थात मुळात ज्यांची प्रकृती पोलादी असते तेच टूरपर्यंत पोचतात, हा भाग त्यातून वजा करायला हवा. कमकुवत राहतात ती हाडं. सायकलीवर शरीराचं वजन हाडांवर पडत नाही, धावण्यासारखे हादरे बसत नाहीत, त्यात वजन कमी ठेवायच्या नादात अन्न कमी. त्यामुळं ऐन तिशीतल्या सायकलपटूची कंबरेची हाडं ठिसूळ निघू शकतात. आणि निवृत्तीनंतर भूक जुनीच राहते, पेडल मारणं मात्र थांबतं. लांबच्या टप्प्याच्या दिवशी पाच-सहा हजार कॅलरी खाणारा माणूस घरी बसून निम्म्यावर यायला वेळ घेतो.

महाराष्ट्रात अलीकडं सायकलीमुळं ज्यांचं नाव झालं ते बहुतेक डॉक्टर आहेत, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. सुमारे ४,८०० किलोमीटरची ती शर्यत २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी एकट्यानं बारा दिवसांच्या आत संपवली. पुढच्या वर्षी ते रशियात मॉस्कोपासून व्लादिवोस्तोकपर्यंत सुमारे ९,१०० किलोमीटर गेले. माणसं खरीच अफाट. पण त्यांची रोजीरोटी दवाखान्यातून येते, सायकल त्या कमाईतून चालते. त्यांना निवृत्त व्हायची घाई नाही, कारण त्यांना सायकलीनं कधी नोकरीवर ठेवलंच नव्हतं. नातवाला हा रस्ताही दाखवून ठेवा. तो पन्नाशीपर्यंत खुला असतो.

आता नातवाचं. तो ज्या रस्त्यावर सायकल हाणतो तो रस्ता त्याला नेमका योग्य ठिकाणी घेऊन जातो. सोलापूरपासून शंभर किलोमीटरवरचं विजापूर, म्हणजे आताचं विजयपूर, आणि त्याच्या पलीकडचं बागलकोट हे भारतातल्या रस्ता सायकलिंगचे मोठे गड आहेत. राष्ट्रीय स्पर्धेत कर्नाटकचा जो दबदबा दिसतो त्यातली पुष्कळ पोरं-पोरी याच दोन जिल्ह्यांतल्या शेतकरी घरांतून येतात. तिथली जमीन आपल्यासारखीच सपाट आणि काळी, ऊन तसंच, भन्नाट वारा तोच, भाकरीही तीच. जत्रेतल्या सायकल शर्यती तिकडंही आहेत आणि इकडं सांगली-कोल्हापूर-सोलापुरातही. फरक पडला तो सरकारी क्रीडा वसतिगृहामुळं. कर्नाटकानं तिथं सायकलीचं वसतिगृह चालवलं. बारा-चौदा वर्षांच्या पोराला खायला, राहायला, शाळा, सायकल आणि प्रशिक्षक एका छताखाली मिळाला. एका पिढीनं नोकऱ्या मिळवल्या, ते पाहून दुसरी पिढी आली. सोलापूरला तुळजापूरचा घाट पंचेचाळीस किलोमीटरवर आहे, उघडा माळ आहे, आडव्या वाऱ्यात साखळी करून चालवायला शिकण्यासाठी याहून चांगली जागा बेल्जियममध्येही मिळणार नाही. फक्त वसतिगृह नाही. पुण्याच्या बालेवाडीत १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी बांधलेलं वेलोड्रोम आहे, पण चौदा वर्षांच्या पोरानं सोलापुरातून रोज तिथं जायचं कसं?

तुम्ही पाहिलेली ग्रँड टूर १९ ते २३ जानेवारी २०२६ दरम्यान ४३७ किलोमीटरची झाली. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २.२ दर्जाची ही भारतातली पहिली अनेक टप्प्यांची शर्यत. २०११ मध्ये मुंबई आणि नाशिकला परदेशी संघ येऊन एकदिवसीय शर्यती खेळून गेले होते. त्यात इटलीचा एलिया विव्हियानी होता, ज्यानं पुढं रिओत ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं. ते प्रकरण पुढं टिकलं नाही. पुण्याची शर्यत दरवर्षी त्याच तारखांना होत राहिली तरच भारतीय संघांना परदेशी गटात चालवायची सवय होईल. ती सवय तुमचा नातू विशीत येईल तोवर लागते का, यावर त्याचं 'मी हेच करणार' अवलंबून आहे. त्याच्या हातात तेवढं नाही.

त्याच्या आणि तुमच्या हातात जे आहे ते असं. दोन वर्षं महागड्या सायकलीच्या मागं लागू नका. कार्बनच्या सायकलीला काही लाख पडतात आणि या वयात तिचा काही उपयोग नाही. अॅल्युमिनियमची गिअरची साधी रोड बाइक पुरे. तीसुद्धा मापानं घ्या, 'वाढत्या अंगाची' म्हणून मोठी घेऊ नका. गुडघे जातात. विजापूर रोडला ट्रक फार, तेव्हा उजाडल्यावरच निघू द्या, हेल्मेट आणि मागं लाल दिवा असल्याशिवाय नाही. आठवड्यातून दोनदा त्याला पळायला आणि उड्या मारायला लावा, हाडांचं वर सांगितलंच. एकट्यानं शंभर किलोमीटर मारण्यापेक्षा चार पोरांच्या गटात चाळीस मारलेले चांगले, कारण शर्यत गटातच होते आणि दुसऱ्याच्या चाकापासून वीतभर अंतरावर न घाबरता राहणं एकट्यानं शिकता येत नाही. जिल्हा आणि राज्य संघटनेच्या निवड चाचण्या कधी आहेत ते जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा आणि प्रत्येक सहभागाचं प्रमाणपत्र त्याच दिवशी सही-शिक्क्यासह घ्या. नंतर मिळत नाही.

दहावी-बारावी मात्र सोडू देऊ नका. रेल्वेच्या भरतीलाही शिक्षणाची अट आहे. तुमच्या शेजारी कुणी खेळाडू कोट्यातून लागलेले असतील तर एका रविवारी नातवाला घेऊन त्यांच्याकडं जा. चाचणीला काय विचारतात आणि नोकरी लागल्यावर सायकल किती वर्षं चालली, हे दोन्ही त्यांना विचारा.